कोठारातले विमान: कोणते आणि कितीचे?

कल्पना करा, की इंग्लंडमधल्या एका खेड्यात तुमच्या ओळखीच्या घरातले आजोबा वारले आहेत. त्यांच्या शेतावरच्या कोठारात, गवताच्या भाऱ्यांमागे, ताडपत्रीखाली एक विमान सापडते. धड जमिनीवर, पंख काढून भिंतीशी उभे केलेले, वर कबुतरांची शीट. बैठक एकच, छप्पर नाही, नाकाशी लाकडी पंखा. घरच्यांना एवढेच आठवते, की आजोबा याला ‘मोटर ग्लायडर’ म्हणत आणि पुष्कळसे काम त्यांनी इथेच, स्वतःच्या हातांनी केले होते.

गावातला एक जाणकार सांगतो, “हे स्लिंग्जबी कंपनीचे ‘मोटर ट्यूटर’. अशी दोनच झाली. लाखमोलाचा ऐवज आहे!” दुसरा म्हणतो, “कसले काय! एंजिन फोक्सवॅगन मोटारीचे दिसते, ते मी घेतो. उरलेले लाकूड थंडीत शेकोटीला होईल.” घरच्यांनी कोणाचे ऐकावे? पहिल्याचे ऐकले तर नसती आशा लागेल, आणि दुसऱ्याचे ऐकले तर जे गेले ते पुन्हा यायचे नाही. आणि कोणी उत्साही तरुण “मी उडवून दाखवतो” म्हणत पुढे आला, तर त्याच्या जिवाचाच प्रश्न.

कोठार, आजोबा आणि गावकरी आपण कल्पनेतले घेतले आहेत. यापुढची विमाने आणि त्यांची मापे मात्र खरी आहेत. चला, शाळेत शिकलेल्या पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राच्या बळावर या विमानाची ओळख पटते का, ते पाहू.

आधी एक खुलासा. ग्लायडर म्हणजे एंजिन नसलेले विमान. पुण्याजवळ हडपसरच्या मैदानावर विंचच्या दोराने ओढून वर सोडलेली ग्लायडरे पुष्कळांनी पाहिली असतील. दोर सुटला, की ते उतारावरून घरंगळल्यासारखे हवेतून हळूहळू खाली येते. वर चढणारी ऊबदार हवा सापडली तर घारीसारखे वर जाते. दोर ओढायला माणसे आणि यंत्र लागू नये, म्हणून त्याच ग्लायडरला लहानसे एंजिन बसवले, की झाले मोटर ग्लायडर. ही कल्पना जुनीच आहे. १९३५ साली इंग्लंडमध्ये ‘कार्डन-बेन्स ऑक्झिलिअरी’ नावाचे ग्लायडर उडाले. त्याला २४९ घनसेंटिमीटरचे, अवघ्या ९ अश्वशक्तीचे व्हिलियर्स एंजिन होते, आणि काम झाले की ते पाठीच्या पोकळीत मिटून घेता येई!

आधी हात खिशात

कोठारात शिरल्यावर पहिला नियम असा, की कशालाही हात लावायचा नाही. छायाचित्रे काढा, कोणती वस्तू कोठे पडली आहे ते वहीत लिहा. भिंतीशी पडलेली पत्र्याची पेटी, खिळ्याला टांगलेली गंजकी तार, खोक्यातले बोल्ट, यांतले काय विमानाचे आणि काय शेताचे, हे अजून तुम्हाला कळलेले नाही. झाडलोट करायला आलेला भला माणूस अशा वेळी चोरापेक्षा जास्त नुकसान करतो.

हात न लावण्याचे आणखी एक कारण आहे. त्या काळच्या कित्येक घड्याळवजा उपकरणांच्या काट्यांना आणि आकड्यांना अंधारात चमकणारा रंग दिलेला असे आणि त्यात रेडियम असे. चमक केव्हाच विझलेली असते, कारण रंगातला चमकणारा पदार्थ झिजतो. रेडियमचा अर्धायुकाल मात्र सुमारे १६०० वर्षे! म्हणजे किरणोत्सर्ग होता तेथेच आहे. काच फुटलेली असेल तर ती धूळ नाकातोंडात जाता कामा नये. एंजिनामागच्या आडपडद्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचीही शक्यता असते. उपकरणे जाणत्याच्या हाती द्यावीत, उघडू नयेत.

मग काय करावे? टेप काढावी.

पंख मोजा

नाव पुसले जाते, रंग बदलतो, पण पंखांची लांबी सहसा बदलत नाही. समजा, तुम्ही दोन्ही पंख आणि मधला भाग मोजून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर काढले आणि ते १३.२ मीटर भरले. पंखांचे क्षेत्रफळ भरले १५.८ चौरस मीटर. आता लांबीचा वर्ग करून त्याला क्षेत्रफळाने भागा. उत्तर ११ येते. सेसना-१७२ या चार जणांच्या नेहमीच्या विमानासाठी हाच आकडा साधारण ७.५ आहे. आकडा जितका मोठा, तितका पंख लांब आणि चिंचोळा, आणि तितका हवेचा एक प्रकारचा अडथळा कमी. तेव्हा हा पंख ग्लायडरच्या घराण्यातला, एवढे तर ठरले.

१३.२ मीटर हे माप ब्रिटनमधल्या जुन्या ग्लायडरवाल्यांना ऐकताक्षणीच ओळखू येईल. यॉर्कशर परगण्यातल्या कर्बीमूरसाइड गावी फ्रेड स्लिंग्जबी यांचा ग्लायडरचा कारखाना होता. १९३६ साली त्यांनी नवशिक्यांसाठी ‘कॅडेट’ काढले, मग त्याचेच सुधारलेले ‘ट्यूटर’, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ट्यूटरचाच पंख घेऊन गुरू आणि शिष्य अशा दोघांना बसता येईल असे ‘टी-३१’. हे टी-३१ ब्रिटिश हवाई दलाने आपल्या छात्रदलासाठी घेतले आणि १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत वापरले. छात्र म्हणजे कोण? सोळा-सतरा वर्षांची शाळकरी मुले. तुमच्याहून थोड्याच मोठ्या मुलांनी उघड्या बैठकीत, तोंडावर वारा घेत, या पंखांखाली आयुष्यातले पहिले एकट्याचे उड्डाण केले.

पण येथे एक पेच येतो. ट्यूटरचाच पंख आणखी एका विमानाला होता. १९४८ साली स्लिंग्जबी कारखान्याने नवे धड बनवून त्यावर हा पंख चढवला, पुढे एंजिन लावले आणि त्याला ‘मोटर ट्यूटर’ म्हटले. अशी खरोखर दोनच बनली. तेव्हा गावातला जाणकार अगदीच हवेत बोलत नव्हता! पंख मोजून तुम्ही योग्य दारापर्यंत आलात, पण दारे दोन आहेत.

सिलिंडर दोन की चार?

आता एंजिनाकडे या. झाकण काढण्याची गरज नाही, बाहेरूनच सिलिंडर मोजा. मोटर ट्यूटरसाठी जे. ए. प्रेस्टविच कंपनीने बनवलेले, अमेरिकन एरॉन्का नमुन्याचे, दोन सिलिंडरांचे एंजिन वापरले होते. आपल्या कोठारातल्या एंजिनाला चार सिलिंडर आहेत. दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आडवे पसरलेले, आणि थंड करण्यासाठी पाण्याऐवजी पत्र्यासारख्या पातळ फासळ्या. हे फोक्सवॅगन ‘बीटल’ मोटारीचे एंजिन. हवेने थंड होणारे असल्याने त्याला पाण्याची टाकी, नळ्या वगैरे लवाजमा लागत नाही. विमान स्वतः बांधणाऱ्या हौशी मंडळींना ते फार सोयीचे वाटले आणि जगभर शेकडो छोट्या विमानांच्या नाकाशी जाऊन बसले.

मोटारीचे एंजिन विमानाला पुरते का, अशी शंका तुम्हाला येईल. गणितच करू. टी-३१चे भरलेले वजन ३७६ किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ३७०० न्यूटन. एंजिन आणि चाके लावल्यावर ते ग्लायडर म्हणून जरा ओबडधोबड होणार. समजा, एक मीटर खाली येताना ते १२ मीटर पुढे जाते. मग हवेचा अडथळा वजनाच्या बाराव्या हिश्श्याइतका, म्हणजे सुमारे ३१० न्यूटन. ताशी ६५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १८ मीटर वेगाने जायचे तर लागणारी शक्ती ३१० × १८, सुमारे ५.५ किलोवॉट. अश्वशक्तीत म्हणाल तर साडेसात! लाकडी पंखा निम्मी शक्ती वाया घालवतो असे धरले, तरी पंधरा अश्वशक्तीत हे विमान सपाट उडत राहील. १६०० घनसेंटिमीटरचे एंजिन चाळीसच्या आसपास देते. उरलेली शक्ती वर चढण्याच्या कामी येते. सेकंदाला किती मीटर चढेल, ते तुम्हीच काढा. (उत्तर अडीच मीटरच्या जवळपास यायला हवे.)

चार सिलिंडर दिसले म्हणून मोटर ट्यूटरची शक्यता एकदम खोडू नका. एंजिन बदलता येते! पुरावा दुसरा हवा. बॅटरी घेऊन धडाच्या आत पाहा. समजा, बैठकीखेरीज आणखी एका उघड्या जागेवर प्लायवूडचे झाकण चिकटवलेले आहे. त्याखाली दुसऱ्या सुकाणू-दांड्याचे रिकामे कान अजून आहेत, जमिनीला दुसऱ्या पायट्यांची भोके आहेत. म्हणजे हे धड मुळात दोघांचे होते. पुढे एंजिनाचे ओझे चढवल्यावर दुसऱ्या माणसाचे ओझे उतरवणे भाग पडले. तरफेचा नियम कोणालाच सुटत नाही. आणखी आत, उजेड न पोचलेल्या कोपऱ्यात, जुन्या रंगाखाली ‘डब्ल्यू टी’ किंवा ‘एक्स ए’ अशा दोन इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक दिसला, तर मग प्रश्नच मिटला. तो हवाई दलाचा क्रमांक. हे टी-३१ आहे. छात्रदलातून निवृत्त झालेले, आणि आजोबांनी ते ‘मोटर कॅडेट’ केलेले. ब्रिटनमध्ये अनेक हौशी लोकांनी टी-३१चे असे रूपांतर केले.

म्हणजे हा दोनांतला एक नव्हे. घरच्यांचे तोंड जरा उतरेल. पण येथे मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. कारखान्यातून निघालेली दोन विमाने एकमेकांसारखी असतात. घरी बांधलेली दोन विमाने कधीच तशी नसतात. आजोबांनी एंजिनाचे पाळणे कोणत्या नळीचे केले, टाकी कोठे बसवली, चाकांमधले अंतर किती ठेवले, हे त्यांनाच ठाऊक. नकाशा हाती असला, तरी हे विमान नकाशाप्रमाणे आहे असे गृहीत धरता येत नाही. प्रत्येक जोड पाहावा लागतो.

कागदपत्रांतही असाच चकवा असतो. अमेरिकेतले एक उदाहरण घ्या. विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश गावी जॉन मोनेट यांनी ‘मोनी’ नावाचे चिमुकले मोटर ग्लायडर तयार केले. ते १९८१ साली प्रथम उडाले. अ‍ॅल्युमिनियमचे, एका माणसाचे, शेपटी व्ही अक्षरासारखी, आणि एंजिन २२ अश्वशक्तीचे इटालियन. सुटे भाग पेटीतून घरी येत आणि गिऱ्हाईक गॅरेजमध्ये जोडकाम करी. त्यांतले एक वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय विमान-अवकाश संग्रहालयाने जपले आहे. पण अमेरिकन नोंदणीत घरी बांधलेल्या विमानाचा ‘निर्माता’ म्हणून बांधणाऱ्याचे नाव लागते. तेव्हा मोनेट या नावाखाली शोधाल तर हाती फारसे काही लागणार नाही, आणि एखाद्या शिक्षकाच्या किंवा डॉक्टरच्या आडनावाखाली मोनी दडलेले असेल.

मोनीची आणखी एक गंमत. पंख ८.४ मीटर, पूर्ण वजन २२७ किलोग्रॅम. मोटर ग्लायडर कशाला म्हणावे, याचा युरोपातल्या नियमांत एक निकष आहे: किलोग्रॅममधल्या वजनाला मीटरमधल्या पंखलांबीच्या वर्गाने भागले, तर उत्तर ३ पेक्षा जास्त येता कामा नये. टी-३१ला ते सुमारे २.२ येते. मोनीला ३.२! या मापाने पाहिले, तर पूर्ण भरलेले मोनी किंचित रेषेबाहेर जाते आणि थोडे हलके भरले की आत येते. नुसते नाव वाचून ‘हे मोटर ग्लायडर’ असे लिहून मोकळे का होऊ नये, ते यावरून कळावे.

सरस काय म्हणतो?

आता खऱ्या महत्त्वाच्या भागाकडे येऊ. आपले विमान लाकडाचे आहे. पंखाच्या आत लांबच लांब लाकडी तुळई असते, तिला स्पार म्हणतात. तिच्यावर फासळ्या, फासळ्यांवर पुढच्या भागात प्लायवूड आणि मागे रोगण दिलेले कापड. हे सगळे खिळ्यांवर उभे नाही, चिकटवून केलेले आहे. म्हणजे वैमानिकाचा जीव सरसावर टांगलेला असतो म्हणा ना!

सरसाच्या मुख्य जाती तीन. पहिली केसीनची. केसीन म्हणजे दुधातले प्रथिन. त्याचा सरस कोरड्या हवेत उत्तम धरतो, पण ओल लागली की मऊ पडतो. शिवाय प्रथिन म्हणजे बुरशीला मेजवानीच. जुन्या कारागिरांना ओलावलेला केसीनचा सांधा वासावरून कळे. नासलेल्या चीजसारखा वास येतो. दुसरी जात युरिया-फॉर्माल्डिहाइडची. केंब्रिजजवळ डक्सफर्ड येथे नॉर्मन द ब्रॉइन यांनी १९३०च्या दशकात तयार केलेला ‘एरोलाइट’ या जातीचा. बुरशी त्याला खात नाही. पण त्याला कठीण करण्यासाठी आम्ल वापरतात, आणि सांध्यात फट राहून सरसाचा थर जाड झाला, तर वर्षानुवर्षांनी त्यात बारीक तडे जातात. ऊन आणि ओल आलटून पालटून मिळाली तर आणखीच. तिसरी रिसॉर्सिनॉलची. हिची रेघ गडद तांबूस-तपकिरी दिसते, त्यामुळे ओळखायला सोपी. आणि पाण्याला ती दाद देत नाही. एकाच विमानात तिन्ही सापडू शकतात! फिकट रेघांच्या पंखात एके ठिकाणी गडद रेघ दिसली, तर समजा की तेथे नंतर कोणीतरी दुरुस्ती केली आहे. का केली, ते शोधा. कोठे आपटले होते काय?

सांधा वरून चांगला दिसला म्हणजे चांगला असतोच असे नाही. याचा कटू अनुभव आपल्या देशातच आलेला आहे. १९४४च्या ऑक्टोबरात भारतात असलेली ब्रिटिश हवाई दलाची काही ‘मॉस्किटो’ विमाने हवेत मोडली. हे लढाऊ विमान लाकडाचे होते. नोव्हेंबरात ती जमिनीवर थांबवून तपासणी झाली. प्रथम संशय आला तो आपल्या उष्ण, दमट हवेचा आणि सरसाचा. पुढे तपासनिसांनी पंख उघडून पाहिले तेव्हा निराळेच दिसले: बांधतानाच प्लायवूडचे कवच स्पारवर नीट टेकलेले नव्हते. फट होती तेथे सरस दोन्ही लाकडांना धरणार कसा? बाहेरून सगळे गुळगुळीत आणि रंगवलेले!

म्हणून तपासनीस काय करतो? दंतवैद्याच्या आरशासारखा आरसा आणि बारीक दिवा घेऊन पंखाच्या पोटात डोकावतो. नाण्याने टकटक करत जातो. धरलेला सांधा खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द. उंदराचे घरटे दिसले तर त्याखालचे लाकूड आधी पाहतो, कारण उंदरांच्या मुतासारखा सांध्याचा शत्रू नाही. पाणी ज्या टोकाशी साचले असेल, ते टोक पाहतो. भिंतीशी उभ्या ठेवलेल्या पंखाची खालची कड त्यात पहिली. अखेर शंका राहिलीच, तर कमी महत्त्वाच्या जागचा एक छोटा सांधा मोडून बघतात. मोडताना लाकूड फाटले आणि त्याचे तंतू सरसाला चिकटून राहिले, तर सरस लाकडापेक्षा बळकट आहे. सांधा काचेसारखा स्वच्छ उघडला, तर मात्र त्या पंखाने पुन्हा उडू नये.

कापडाचेही असेच. जुने असेल तर सुती किंवा लिनन, त्यावर डोप नावाचे रोगण. दोन धागे काढून बाहेर अंगणात चिमट्यात धरून जाळले, तर सुती धाग्याची कागदासारखी राख होते आणि पॉलिएस्टरचा वितळून मणी होतो. यावरून कापड अलीकडे बदलले होते का, ते कळते. पण ही परीक्षा मोठ्या माणसांसमक्ष आणि विमानापासून खूप दूर करायची, बरे का! जुने नायट्रेट डोप रासायनिक दृष्ट्या बंदुकीच्या बिनधुराच्या दारूचे सख्खे भावंड आहे. धाग्यावर डोप असेल, तर जाळूच नका.

मग किंमत किती?

आता घरच्यांचा प्रश्न. बाजारात पाहावे तर अशी विमाने वर्षातून एखादेच विकले जाते. भाजीसारखा भाव कोठे लिहिलेला नसतो. मग उलट्या बाजूने मोजायचे. समजा, असेच एखादे उडते, कागदपत्रे पूर्ण असलेले मोटर कॅडेट १०० ला जाते. (आकडा केवळ उदाहरणाचा.) आपल्या विमानाला कापड बदलायला ३० लागतील, एंजिन उघडून जुळवायला २५, सांधे तपासून दुरुस्त करायला २५. उरले २०. सरस वाईट निघाला आणि पंख नवे करावे लागले, तर उत्तर शून्याखाली जाते! तेव्हा नुसते एंजिन विकणाऱ्याचा हिशेब अगदी खुळा नसतो. शेकोटीवाल्या गावकऱ्याला आपण हसलो खरे, पण गणित त्याच्या बाजूला झुकू शकते.

त्याला उलटे फिरवणारी एक वस्तू कोठारात असू शकते, आणि ती सहसा विमानाजवळ नसते. ती म्हणजे वह्या. ग्लायडरची उड्डाणवही, एंजिनाची तासांची वही, बांधकामाची वही, तपासनिसाच्या सह्या. ब्रिटनमध्ये अशा विमानाला उडण्याचा परवाना मिळवून द्यायचे काम १९४६ साली स्थापन झालेली हौशी विमानबांधणाऱ्यांची संघटना करत आली आहे. २००८ पासून तिचे नाव ‘लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन’. तिच्या तपासनिसाने बांधताना कोणता सांधा झाकण्यापूर्वी पाहिला, याची नोंद असेल, तर आज तो सांधा फोडावा लागत नाही. म्हणजे वहीचे एक पान पंखाचे प्लायवूड वाचवते. ती नोंद नसेल, तर तेच लाकूड, तेच एंजिन, पण किंमत निम्मीही नाही. ब्रिटनच्या नागरी नोंदणीतही ‘जी’ने सुरू होणाऱ्या अक्षरांवरून जुन्या मालकांचा माग काढता येतो. तेव्हा घरच्यांना सांगा, की कपाटे, ट्रंका, आजोबांच्या कोटाचे खिसेसुद्धा पाहा, आणि तोवर एंजिनाला गिऱ्हाईक बघू नका.

संग्रहालयाचा हिशेब आणखी निराळा. त्यांना उडण्यापेक्षा अस्सलपणा मोलाचा वाटतो. जुने कापड, हवाई दलाचा पुसट क्रमांक, आजोबांच्या हातच्या पेन्सिलीच्या खुणा; उडवू पाहणारा माणूस हे सगळे खरवडून टाकील आणि संग्रहालय ते काचेखाली ठेवील. दोघांचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे, आणि दोघांना एकच वस्तू देता येत नाही.

अस्सल म्हणजे तरी किती? इंग्लंडमध्ये शटलवर्थ संग्रहात ‘रेन’ नावाचे १९२३ सालचे विमान आहे. ३९८ घनसेंटिमीटरच्या, मोटरसायकलला शोभेल अशा एंजिनावर उडणारे. एंजिन बसवलेले ग्लायडरच म्हणा ना. त्या वर्षी लिंपन येथल्या स्पर्धेत ते एका गॅलन पेट्रोलवर ८७.५ मैल गेले आणि बक्षिसाचा वाटा घेऊन आले. आज उभे आहे ते दोन ‘रेन’ विमानांचे भाग एकत्र करून. मग ते कोणते ‘रेन’ म्हणायचे? आपल्याकडे आजोबांची बैलगाडी असते. चाके बदललेली, जू नवे, साटाही बदललेला, तरी ती आजोबांचीच गाडी असते. पण विकायला काढली, तर घेणारा विचारील: यातले जुने काय? कोठारातल्या विमानाच्या बाबतीत त्याचे उत्तर तुम्हाला आता भागाभागाने देता येईल: पंख हवाई दलाच्या काळचे, धड त्याच काळचे पण आतून बदललेले, एंजिन मोटारीचे, आणि पाळणे, टाकी, चाके आजोबांची. हे सारे एका कागदावर लिहा, खाली तारीख घाला, आणि तो कागद विमानाला बांधून ठेवा.

करून पाहा

केसीनचा सरस तुम्हाला घरीच करता येतो. साय काढलेले एक कप दूध कोमट करा आणि त्यात दोन चमचे व्हिनेगर घाला. दूध फाटेल. चोथा फडक्यात गाळून पाण्याने दोनदा धुवा आणि पिळून घ्या. त्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि अगदी थोडे पाणी घालून घोटा; चिकट लापशी होईल. आइसक्रीमच्या काड्या घेऊन त्यांच्या सहा जोड्या करा. प्रत्येक जोडीत एकीचे टोक दुसरीच्या टोकावर दोन सेंटिमीटर चढवून चिकटवा, दोऱ्याने बांधा आणि दोन दिवस वाळू द्या. मग तीन जोड्या कोरड्या कपाटात ठेवा आणि तीन ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात. आठ दिवसांनी प्रत्येक जोडीला एक छोटी बादली टांगून तीत पेल्या-पेल्याने पाणी ओता आणि किती पाण्याला सांधा सुटला ते लिहा. डबा उघडताना आधी वास घ्या. मोडलेल्या प्रत्येक सांध्यावर लाकडाचे तंतू दिसतात का, तेही भिंगातून पाहून वहीत नोंदवा.